छप्पर आधी, भिंती मागून : काटोल रोडवरच्या लाकडी घराच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा

सोनं वाटून झालं, जेवणं झाली आणि दुपारी मी पहार-फावडं घेऊन प्लॉटवर गेलो. आईला वाटलं, हा भूमिपूजनच करतोय. मला फक्त माती किती खोल आहे ते पाहायचं होतं. साडेतीन फूट निव्वळ काळी, त्याखाली अर्धा-पाऊण फूट काळ्या-पिवळ्याची खिचडी आणि सव्वाचार फुटांवर पहार टणकन वाजली. मुरूम लागला. हायसं वाटलं.

नागपूरच्या पश्चिमेला, कळमेश्वर-काटोलकडे, खाली सगळा दख्खनचा काळा पाषाण आहे. तो झिजून ही कपाशीची काळी जमीन झाली. शहर ओलांडून पूर्वेला गेलं की दगडच बदलतो. शेताला ही माती सोनं, घराला वैरी. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. गेल्या मे महिन्यात याच प्लॉटवरच्या भेगेत माझा हात कोपरापर्यंत गेला होता. वरवरच्या पायाचं जड घर अशा जमिनीत तडकतं आणि हलकं असलं तर माती त्याला चक्क वर उचलते. लाकडाचं घर हलकं, तेव्हा पायाही हलका चालेल, अशी माझी समजूत होती. ती आज या खड्ड्यात पुरली. पाया मुरमापर्यंत जाणार.

ठरलंय ते असं : २४ बाय १८ फूट, म्हणजे ४३२ चौरस फूट. पश्चिमेला सात फुटांची छपरी. बारा खांब, तीन-तीन खांबांच्या चार चौकटी, वर कौलं. खिशात सात लाख, त्यातले दोन अजून यायचे आहेत.

लाकडाचाच हट्ट का, असं सगळे विचारतात. भिंतींवर स्लॅब टेकवायच्या घराचा क्रम ठरलेला असतो : पाया, भिंती आणि सगळ्यात शेवटी डोक्यावर छप्पर. तोवर पैसे संपतात, आणि सगळं काम एकतर उन्हात नाहीतर पावसात. लाकडी सांगाड्यात भिंतीवर भारच नसतो. खांब-तुळया उभ्या केल्या, कौलं चढवली, की पुढचं घर सावलीत बसून बांधता येतं, पैसे येतील तसं. मला ही एकच गोष्ट पटली. पर्यावरण वगैरेही खरं आहे, पण दुसऱ्या नंबरावर.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

ताईकडे जेवायला गेलो आणि पानावरच खटला सुरू झाला. भाऊजी म्हणाले, "लाकडाचं घर बांधून राह्यला म्हणे? उधई खाऊन टाकंल ना बाप्पा दोन वर्षांत. कायले पैसे मातीत घालून राह्यला?"

प्रश्न चुकीचा नाही. आमच्याकडे उधई म्हणजे वाळवी कपाट सोडत नाही, पुस्तकं सोडत नाही. पण ती लाकडावर आकाशातून पडत नाही. जमिनीतून येते आणि उजेड-कोरडी हवा तिला सोसत नाही, म्हणून वर चढताना मातीची नळी बांधत येते. वाड्यांमध्ये खांबाखाली तळखडा असायचा, तासलेला दगड. मला वाटायचं दगड वाळवीला अडवतो. अडवत नाही, ती दगडावरूनही चढते. पण दगडावर तिची नळी लपत नाही. दिसली की खराट्यानं पाडायची. म्हणजे तळखडा असा हवा की चारही बाजूंनी वाकून बघता येईल. खांब फरशीत गाडला की हे संपलं.

भाऊजींना हे सगळं सांगितलं. त्यांनी अनारसा पुढे केला.

१७ नोव्हेंबर

सेवाग्रामला जाऊन आलो, खास घर बघायला. गांधीजी १९३६ साली शेगावात राहायला आले. (तेच गाव पुढे १९४० साली सेवाग्राम झालं.) तिथल्या कुट्या माती, बांबू, लाकूड आणि कवेलूंच्या (देशी अर्धगोल कौलांच्या), म्हणजे आजूबाजूला मिळेल त्याच्या. लोक आतला चरखा बघत होते, मी बाहेर पागोळ्यांच्या ओळीत उकिडवा बसून भिंतीचा पाय बघत होतो. तिथल्या सेवकाला वाटलं माझं काही हरवलं.

वहीत टिपलं ते एवढंच : छपराचं पाखं इतकं पुढे आणि इतकं खाली आलेलं आहे की पावसाचा फटका भिंतीला बसूच नये. मातीच्या घराला टोपी मोठी आणि बूट उंच हवेत. तेवढं सांभाळलं तर भिंत टिकते.

८ डिसेंबर

लाकूड मिळालं.

आधी नव्या सागाची चौकशी केली होती. साग आपल्या दारचा, चंद्रपूर-गडचिरोलीचा. अयोध्येच्या मंदिराला बल्लारपूरचा साग गेला, दिल्लीच्या नव्या संसदेच्या कामातही नागपूरहून गेलेला साग आहे. त्या लाकडाचा भाव ऐकला की आपण संसद बांधत नाही आहोत, हे लगेच कळतं. शिवाय डेपोतला लिलाव, लाकडावरचा शिक्का, वाहतूक परवाना. नियम बरोबरच आहेत, पण साठ घनफुटांसाठी तो व्याप झेपणारा नव्हता.

मग लकडगंजमध्ये तीन शनिवार पायपीट. तिथे एका व्यापाऱ्याकडे नागपूरच्या महाल भागातल्या पाडलेल्या वाड्याचा माल पडला होता. तुळया, खांब, आणि सात तळखडे, ते तर फुकटच म्हणावेत अशा भावात. १९०० रुपये घनफूट म्हणाला. सोबत आलेल्या सुतार मिस्त्रींनी नखानं खरवडलं, कान लावून पटाशीच्या मुठीनं ठोकलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे गाभ्याचं लाकूड आहे जी. कडेचं पांढरं आहे ते काढून टाकू, उधई तेच खाते. बाकी तुमच्या नातवाले पुरून उरंल."

६४ घनफूट, १,२१,६०० रुपये. वाशांसाठी सागाच्या बल्ल्या वेगळ्या, २६ नग.

जुन्या लाकडाचा खरा फायदा भावात नाही. ते सुकून, आकसून, वाकायचं तेवढं वाकून मोकळं झालेलं असतं. ओलं लाकूड सुकताना लांबीत जवळजवळ घटत नाही, पण रुंदी-जाडीत घटतं, आणि वाढीच्या वलयांच्या दिशेनं घट आडव्या दिशेच्या जवळपास दुप्पट. त्यामुळे चौकोनी खांब सुकल्यावर चौकोनी राहत नाही. मॉइश्चर मीटर लावला तर या तुळया ९ टक्क्यांवर होत्या.

तोटा मात्र खिळ्यांचा. आरा मशीनवाल्यानं पहिल्याच तुळईत पातं घालवलं आणि उरलेला माल परत पाठवला. पुढचे दोन दिवस मी लोहचुंबक दोरीला बांधून प्रत्येक लाकडावर फिरवत होतो. १४३ खिळे निघाले. चौकोनी, हातानं घडवलेले. डब्यात ठेवलेत.

२२ डिसेंबर

आज मजेचं काम. दहा फुटांचा बांबू ओळंब्यात उभा केला आणि सव्वाबाराच्या सुमारास सावली मोजली. दहा फुटांना दोन बोटं कमी. नागपूर २१ अंश अक्षांशावर, तेव्हा डिसेंबरात दुपारचा सूर्य ४५ अंशांवर असतो आणि वस्तूएवढीच सावली. मे-जूनमध्ये तो थेट डोक्यावर येतो, काही आठवडे तर किंचित उत्तरेलाही झुकतो.

यातून छपराचं गणित सुटलं. आढं पूर्व-पश्चिम धरायचं, म्हणजे लांब बाजू दक्षिण-उत्तरेला येतात. अडीच फूट पाखं पुढे काढलं की उन्हाळ्यात दुपारचं ऊन भिंतीला शिवत नाही, आणि थंडीत खिडकीच्या खालच्या अर्ध्यातून आत येतं. पश्चिमेचं काय? तिथे पाखं कामाचं नाही, चारनंतरचा सूर्य आडवा येतो. म्हणून तिकडे छपरी, आणि छपरीमागची भिंत पंधरा इंच कच्च्या विटांची.

इंटरनेटवर थंड देशांतली लाकडी घरं बघून बघून माझं डोकं बिघडलं होतं. तिकडे पातळ भिंतीत कापसासारखा भराव भरतात, कारण आतली ऊब आत ठेवायची असते. आपल्याला मे महिन्यात ४५ अंशांची दुपार काढायची आहे, आणि रात्री मात्र हवा उतरते. इथे भिंतीत जडपणा हवा, दिवसभर गिळेल आणि रात्री सोडेल असा. तेव्हा सांगाडा लाकडाचा, पण अंग मातीचं.

१९ जानेवारी २०२५

मिस्त्रींनी प्लॉटवर ताडपत्री ताणली. ते, त्यांचा पुतण्या आणि हाताखाली मी. इंजिनिअरनं कागद दिलेत : खांब पाच बाय पाच इंच, तुळया पाच बाय सहा, प्रत्येक कोपऱ्यात तिरका टेकू. तिरक्या टेकूबाबत तो ऐकायला तयार नाही. चौकोन ढकलला तर कलतो, त्रिकोण कलत नाही. नागपूर भूकंपाच्या झोन दोनमध्ये, पण त्याची चिंता वाऱ्याची होती. मधल्या ओळीचे चार खांब थेट आढ्यापर्यंत जातात, पावणेचौदा फूट.

मिस्त्रींचं वय सत्तरीच्या आसपास. वाड्यांची दुरुस्ती करत आयुष्य गेलं, गेली वीस वर्षं मात्र प्लायवूडची कपाटं. पटाशी हातात धरताना म्हणाले, "हे काम विसरलो असंन वाटलं होतं." विसरले नव्हते.

कुसू म्हणजे तुळईच्या टोकाला काढलेली जीभ, ती खांबाच्या खाचेत जाते. आधी गिरमिटानं ओळीत भोकं, मग पटाशीनं भिंती साफ. मी पहिली खाच चार तासांत केली. पुतण्यानं तेवढ्यात पाच केल्या आणि वर चहाही आणला. माझी खाच तोंडाशी बरोबर, आत गेल्यावर निमुळती. मिस्त्रींनी त्यात काटकोन तपासायचा गुण्या घातला, काही बोलले नाहीत, फक्त खडूनं त्यावर गोल काढला. त्या गोलाचा अर्थ "पुन्हा" हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

२ फेब्रुवारी

आजची चूक पूर्ण माझी. लिहून ठेवतो, कारण आजवर कुठे वाचली नव्हती.

सांधा खिळ्यानं नाही, खुंटीनं आवळायचा. खांबाच्या खाचेला आरपार भोक पाडतात. कुसू आत घालून त्या भोकाची खूण कुसूवर उमटवतात, कुसू बाहेर काढतात आणि भोक नेमकं खुणेवर पाडत नाहीत. दीड-दोन मिलिमीटर खांद्याकडे सरकवतात. खांदा म्हणजे कुसू संपून तुळईची पूर्ण जाडी सुरू होते ती जागा. आता निमुळती खुंटी ठोकली की ती दोन्ही भोकं एका रेषेत ओढते आणि तुळई खांबाला अशी चिकटते की पोस्टकार्डही जाऊ नये. खुंट्या बाभळीच्या, वर्षभर सुकलेल्या, सरळ रेघेच्या.

मिस्त्री जेवायला गेले होते. मी दुसऱ्या चौकटीची दोन भोकं उरकली आणि भोक सरकवलं कुसूच्या टोकाकडे. खुंटी ठोकली, तर सांधा आवळण्याऐवजी उघडू लागला. मला वाटलं खुंटी नीट बसत नाही, म्हणून जोरात ठोकली. तो आणखी उघडला. तीन मिलिमीटर फट आणि आत काहीतरी करकरलं तेव्हा थांबलो.

मिस्त्री आले, फटीत नख घातलं. "तुम्ही खुंटीले उलट्या रस्त्यानं लावलं जी. ते बिचारी ढकलून राह्यली."

खुंटी गिरमिटानं पोखरून काढावी लागली. कुसू चिरलं नव्हतं, नशीब. चुकीच्या भोकात सागाची घट्ट गुंडी डिंक लावून ठोकली, दोन दिवस ठेवली आणि मग नवं भोक. तेव्हापासून प्रत्येक कुसूवर खांद्याकडे तोंड केलेला बाण काढतो. पुतण्या बाणाला "साहेबांचा बाण" म्हणतो.

२३ फेब्रुवारी

पाया. बारा खड्डे, तीन बाय तीन, मुरमापर्यंत. तळाला सहा इंच काँक्रीट, वर काळ्या दगडाचं बांधकाम. सिमेंट पूर्ण टाळलं नाही, फक्त जिथे पर्याय नाही तिथेच वापरलं. जोत्यात काळी माती अजिबात नाही, सगळी भर मुरमाची, थर थर पाणी मारून धुम्मस. सात तळखडे जुने, पाच नवे घडवून घेतले. प्रत्येकात १६ मिलिमीटरची पिन बसवली, खांबाच्या तळाला तिचं भोक. खर्च ९४,०००. या टप्प्यात सांगण्यासारखं आणखी काही नाही, नुसती पाठदुखी.

एका बँकेत कर्जाला गेलो होतो. भिंती कशाच्या, या रकान्यात "कुड", म्हणजे बांबूच्या विणीवर मातीचं लिंपण, असं लिहिल्यावर साहेबांनी चष्मा काढला. आणखी लिहिण्यात अर्थ नाही. दोन लाख आता मेव्हण्याकडून.

१६ मार्च

धुळवड उरकली आणि बांबू आला. गडचिरोलीकडचा मानवेल, पोटात जवळपास भरीव. २०१७ च्या दुरुस्तीनंतर जंगलाबाहेरचा बांबू कायद्यानं झाड राहिला नाही, आणि ज्या गावांना वनहक्क मिळाले त्यांचा बांबू ग्रामसभाच विकते. याची सुरुवात मेंढा-लेखाला २०११ मध्ये झाली. बुरडदादांनी एकेक काठी वाजवून घेतली. तीन वर्षांच्या आतली काठी परत.

बांबूत साखर असते, तिच्यासाठी भुंगा येतो. मग पिवळी पूड पडू लागते आणि काठी पोकळ. उपाय स्वस्त आहे : शंभर लिटर पाण्यात ३.६ किलो टाकणखार आणि २.४ किलो बोरिक पावडर. जमिनीत चर खणून आत जाड प्लास्टिक अंथरलं, पेरांना सळईनं भोकं पाडली आणि काठ्या आठवडाभर बुडवल्या. फाडलेल्या कामट्यांना चार दिवस पुरले. वर दगड ठेवावे लागतात, नाहीतर सगळा बांबू तरंगतो. पहिल्या रात्री आमचा तरंगला होता.

आई तीन दिवस चराशेजारी खुर्ची टाकून बसली. भंडाऱ्याकडच्या कुडाच्या घरात वाढलेली बाई. तिच्या वडिलांनी हेच बांबू नाल्याच्या वाहत्या पाण्यात महिनाभर ठेवले होते म्हणे, आणि तोडले होते अवसेला. वाहत्या पाण्यात साखर धुऊन जाते, हे पटण्यासारखं आहे. अवसेचं माहीत नाही.

३० एप्रिल, अक्षय तृतीया

चौकटी उभ्या राहिल्या.

पहाटे पाचला सुरुवात, कारण नऊनंतर लोखंडाला हात लावता येत नाही. या महिन्यात पारा ४४ च्या पुढे जाऊन आलाय. गावातले अठरा जण, दोन जाड दोर, बांबूच्या कात्र्या (टोकाशी फुलीसारखे बांधलेले दोन-दोन बांबू). एक चौकट जमिनीवर जोडून ठेवलेली : तीन खांब, दोन तुळया, टेकू. वजन दोनशे किलोच्या आत-बाहेर. उचलायला ते जड नाही, अवघड आहे ते वेळेवर थांबवणं. अर्ध्यापर्यंत हातांनी, मग कात्र्यांनी, आणि सरळ होताना दुसऱ्या बाजूच्या दोरानं धरून ठेवायची. मिस्त्री ओट्यावर उभे. ते एकच शब्द बोलत होते, "सावकाश".

चौकट उभी झाली की सब्बलीनं चार बोटं उचलायची आणि पिनेवर बसवायची. पहिल्या तीन बसल्या. चौथीच्या मधल्या खांबाचं भोक अर्धा इंच चुकलेलं. अठरा माणसं चौकट धरून उभी, मिस्त्री खाली पालथे पडून पटाशी मारतायत. सहा-सात मिनिटं असतील. माझ्या हिशेबी तास.

दहा वाजता आढं चढलं. नारळ फुटला, आईनं मधल्या खांबाला हळदीकुंकू लावलं. पन्हं संपलं होतं, मग दुसऱ्यांदा केलं.

रात्री घरी आलो आणि साडेअकराला वारा सुटला, अवकाळीचा. मोटरसायकल काढून परत गेलो. तात्पुरते बांबू तिरके ठोकलेले होते. खांबाला पाठ लावून बसलो. आवाज नाही. विजेच्या उजेडात नुसता सांगाडा, भिंती नाहीत, छप्पर नाही. बांधून झाल्यावर ही हाडं कौलांआड नि मातीआड जाणार, या विचारानं थोडं वाईट वाटलं.

१४ मे

वासे, त्यावर पट्ट्या, त्यावर कौलं. मला कवेलू हवे होते, आजोळी होते तसे. मिस्त्रींनी समोरच्या चिंचेकडे बोट दाखवलं. वानरांची टोळी. कवेलू नुसते ठेवलेले असतात, वानर एकदा पळत गेलं की निम्मं छप्पर खाली. मंगलोरी कौलाला मागे नाक असतं, ते पट्टीला अडकतं. जुनी मंगलोरी मिळाली, १८ रुपये नग, अकराशे. वजन तीन टनांच्या आसपास, सगळं या सांधलेल्या काठ्यांवर. कौलांखाली बांबूचे तट्टे, त्यावर बोटभर मातीचा थर, मग कौलांपर्यंत हवा खेळायला चार इंच. छपराच्या दोन्ही टोकांच्या त्रिकोणात वर जाळी, म्हणजे तापलेली हवा निघून जाईल.

एवढ्यात तीनदा पाऊस झाला. मे महिन्यात! अर्धं छप्पर झालं होतं, उरलेल्यावर ताडपत्री.

२६ मे

आज दोन गोष्टी. मान्सून २४ तारखेलाच केरळात आला आणि आज मुंबईतही शिरला. सकाळपासून फोन, झालं का छप्पर? झालंय. काल संध्याकाळी आढ्यावरचं शेवटचं कोनं चुन्यात बसवलं.

दुसरी, आज नागपूरचा शून्य सावलीचा दिवस. बारा वाजून दहाच्या सुमारास ढगातून पाच मिनिटं ऊन आलं. डिसेंबरातला तोच बांबू उभा केला. सावली बुंध्याभोवती, नाहीच. दक्षिणेच्या रेषेवर, जिथे भिंत येणार आहे तिथे, दीड हात आतपर्यंत सावलीच सावली. गणित बरोबर निघालं की माणूस उगाच इकडेतिकडे बघतो, कुणी पाहिलं का म्हणून. कुणी नव्हतं.

८ जून

मृग लागला आणि पाऊस गायब. एवढी घाई करून आलेला मान्सून विदर्भाच्या उंबऱ्यात अडकलाय. बाहेर ४२, छपराखाली आठ माणसं आरामात काम करतायत. याच दिवसासाठी छप्पर आधी हवं होतं.

खांबांच्या मध्ये बांबूच्या उभ्या काठ्या, त्यांत आडव्या कामट्या विणून कुड. लिंपणाच्या मातीची कथा वेगळी. आधी खणून पडलेली काळी मातीच वापरून बघितली, फुकट म्हणून. चौथ्या दिवशी त्या तुकड्यात बोट जाईल अशा भेगा. आई म्हणाली, "काळीचं घर कोणी केलं होतं का कधी? गावाले पांढरी उगाच म्हणतात का?" खरंच की. पीक घ्यायचं ते काळीत, राहायचं ते पांढरीत. नात्यातल्या एका पडक्या घराची पांढरी माती आणली. बाटलीत पाण्यात हलवून ठेवली, रेती खाली किती बसते आणि चिकण वर किती ते पाहिलं. मग ठरलं : तीन घमेली माती, एक घमेलं रेती, चार बोटं लांब कापलेलं धानाचं तणस, थोडं शेण. आठ दिवस भिजत. वास येतो, येऊ द्यायचा.

९ जुलै

काल रात्रीपासून नागपुरात धुवांधार. शाळांना सुट्टी, रस्त्यांत पाणी. दुपारी कसाबसा प्लॉटवर पोचलो. चारही बाजूंची काळी जमीन फुगून डबडबलेली, जोत्याला चीर नाही. कौलं एका ठिकाणी गळाली, छपरीचं पाखं पश्चिमेच्या त्रिकोणाला मिळतं तिथे. तिथे पत्र्याची पट्टी दोन इंच आत घ्यायला हवी होती. आळस आमचाच.

उत्तरेच्या भिंतीवर पागोळ्यांचे शिंतोडे फूटभर उंचीपर्यंत. पागोळी पडते तिथे गिट्टी टाकायची राहिली होती, ती उद्या.

२७ जुलै

नऊ नंबरच्या तळखड्यावर मातीची नळी. पेन्सिलएवढी जाड, लाकडाला चार बोटं बाकी. फोटो काढून आधी भाऊजींना पाठवला, मग खराट्यानं पाडली. आत पांढऱ्या किड्यांची धांदल. बाकीचे अकरा दगड वाकून पाहिले, स्वच्छ. आता दर रविवारी बॅटरी घेऊन प्रदक्षिणा.

भाऊजींचं उत्तर : "सांगितलं होतं." मी लिहिलं, दिसली म्हणून तर पाडली. त्यावर अंगठा.

२३ ऑगस्ट, तान्हा पोळा

उत्तरेच्या भिंतीतून धान उगवलंय. तणसात दाणे राहिले असणार. लिंपणातून बोट-दीड बोट हिरवे कोंब, खिडकीखाली चांगला हातभर पट्टा. याचा अर्थ भिंत आतून अजून ओली. पश्चिमेची कच्च्या विटांची भिंत तर महिनाभर तरी वाळत नाही. चुना पिंपात भिजतोय, त्याला घाई नाही. गिलावा दिवाळीनंतर.

मिस्त्री संध्याकाळी आले. तुळईच्या उरलेल्या तुकड्यातून माझ्या भाच्यासाठी नंदी करून आणला होता, वीतभर, चाकांचा, शिंगं बाभळीच्या खुंटीची. पोराला मिरवणुकीला घेऊन जायचं होतं. तो ऐकेना, नंदी भिंतीशी नेऊन कोंबांत तोंड घालून उभा केला. मी कोंब उपटायला गेलो तर आई म्हणाली, "राहू दे. त्याचं खाऊन होऊ दे."